जोडीने १६१० किलोमीटर: साताऱ्याहून २४ तासांची तयारी

अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन ही लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांची संघटना. तिची पहिली पायरी म्हणजे सॅडलसोअर: २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर. मागे बसणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतं. मी मागे बसते, म्हणून तयारी मागूनच सांगते.

आधी सराव. एका रविवारी कोल्हापूर करून या, साधारण २५० किलोमीटर. महिन्याभराने धारवाड, जाऊन-येऊन सहाशेच्या पुढे. पहिल्या धारवाडवारीत निपाणीच्या अलीकडेच माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. कारण साधं होतं: वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने मी पाणीच प्यायले नव्हते. बायका हे हमखास करतात. त्यामुळे थांबायचे पंप आधीच हेरून ठेवा, येता-जाता ओआरएसचे घोट घ्या आणि पाळीची तारीख पाहूनच दिवस ठरवा.

मग हिशेब. रस्त्यावर सरासरी ८० चा वेग धरला तर चालण्यातच २० तास जातात. उरतात चार. दर अडीचशे किलोमीटरला पेट्रोल आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं म्हटलं, तर जेवण आणि झोपेला जेमतेम दोन तास. वेळ वाचवायचा तो पंपावर. वेग वाढवून नाही.

साताऱ्याहून बेंगळुरूमार्गे तमिळनाडूतल्या कृष्णगिरीला जाऊन परत आलं की अंतर भरतं. पण नकाशावर मोजून तीसेक किलोमीटर जास्तच धरा. गाडीच्या मीटरवर विसंबू नका. निघायची वेळ दुपारी बाराची ठेवा. पहाटे निघण्याची हौस आपल्याकडे फार, पण मग परतताना कागल ते कऱ्हाड टप्पा ऐन अंधारात येतो आणि गळीत हंगामात तिथे मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. बाराला निघालात तर दोन्ही वेळा तिथे उजेड असतो, बेंगळुरूही मध्यरात्रीच्या आसपास मोकळं सापडतं. त्या दिवशी सकाळी मात्र उशिरापर्यंत झोपा.

गाडीचं थोडक्यात: टायर थंड असताना दोघांसाठी सांगितलेली हवा, मागचं सस्पेन्शन एक खाच कडक, चेनचा ढिलेपणा दोघं बसून तपासलेला, पंक्चर किट सोबत.

खुणा ठरवा. इंटरकॉम असला तरी त्याची बॅटरी संपते. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. दोन थापांवर वाद घालायचा नाही. हे घरीच कबूल करून घ्या. मागच्याला डुलकी येत असेल तर ओढणीने बांधून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. थांबा, वीस मिनिटं झोपा.

प्रमाणपत्रासाठीचे पुरावे मागच्याने सांभाळायचे. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणजे टोलची पावतीही नाही. सगळी भिस्त पेट्रोलच्या बिलांवर. प्रत्येक बिलावर गाव, तारीख, वेळ वाचता येते का पाहा, लगेच फोटो काढा, मीटरचा आकडा वहीत लिहा. साताऱ्याच्या शेवटच्या पंपावरही आधी बिलावरची वेळ बघायची, मग हेल्मेट काढायचं.