मुरमाची खाण बुजवायची घाई नको

बेळगाव-खानापूर भागात रस्त्यासाठी मुरूम उपसून झाला की खड्डा तसाच पडून राहतो. उन्हाळ्यात त्यात कचरा पडतो, पावसाळ्यात पोरं पोहायला उतरतात. कडा उभ्या असल्या की बुडणाऱ्याला हातानं धरायला काही नसतं. असा खड्डा बुजवण्यापेक्षा त्याचं तळं करून काठाला झाडं-पाखरं आणता येतात. पण झाडांचं नंतर बघू, आधी कडा बघा.

त्याच्याही आधी आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढा. जागा गायरान, वनखात्याची की खाजगी, हे कळल्याशिवाय पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) जाऊन उपयोग नाही. ग्रामसभेत ठराव घ्या. चर-बांधाचं काम रोजगार हमीत बसवता येतं.

जेसीबीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. गावाकडच्या बाजूला एक फूट खोलीला तीन फूट उतार पाडा. काठालगत दोन-तीन मीटर पाणी गुडघ्याएवढंच राहील असं बघा. तिथं लव्हाळं उगवतं, बेडूक येतात. जनावरांना पाण्यावर उतरायला एकच वाट ठेवा, नाहीतर सगळा काठ तुडवून चिखल.

पलीकडची एक भिंत मात्र उभीच राहू द्या आणि तिच्या वर काटेरी कुंपण घाला. वेडा राघू मार्च ते जूनमध्ये अशाच भिंतीत बीळ करतो. दोन-तीन बोटं जातील एवढं तोंड, आत हातभर किंवा त्याहून खोल, खाली उकरलेल्या मातीचा लहानसा ढीग. चाकूनं खरवडल्यावर माती सुटेल इतकी भिंत मऊ हवी. निव्वळ जांभा असेल तर पाखरू तिकडं फिरकत नाही.

ट्रकांनी दाबलेली जमीन दगडासारखी होते. ती नांगरून घ्या, एप्रिल-मेमध्ये तलावातला गाळ पसरा, पहिल्या पावसाला ताग पेरा आणि फुलावर आला की गाडा. पुढच्या पावसाळ्यात करंज, जांभूळ, उंबर, कुंपणाला करवंद. भराभर वाढतो म्हणून अकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ) लावायचा मोह होईल. नको म्हणा.

सगळीकडं झाडं लावायचा सोसही नको. टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते, तेवढा तुकडा तिला सोडा. पाण्यात तिलापिया हा परदेशी मासा सोडायला कुणीतरी येईलच. त्याला आधीच अडवा, ओढ्यातून येणारे आपले मासे पुरे आहेत.