रेकॉर्ड वाजवताना येणारे हादरे कसे आवरावेत

रेकॉर्डच्या खाचेतली वळणं फार बारीक असतात. गाण्याचा आवाज बारीक असेल तिथे तर ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान होतात. एवढीशी हालचाल सुई टिपते, पण गाणं कुठलं आणि जमिनीचा हादरा कुठला हे तिला कळत नाही. दोन्ही ती इमानेइतबारे स्पीकरपर्यंत पोचवते. म्हणून काहीही विकत आणण्याआधी हादरा येतोय कुठून ते शोधा.

त्यासाठी मोटर बंद ठेवून, न फिरणाऱ्या रेकॉर्डवर सुई अलगद टेकवा. मग आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत न्या. हूंऽऽ असा घुमणारा आवाज चढू लागला तर लगेच कमी करा, नाहीतर स्पीकरला इजा होईल. काही झालं नाही, तर टर्नटेबलखालच्या (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राखालच्या) फळीवर बोटाच्या पेराने टकटक करा. नुसतं ‘ठक्’ ऐकू येऊन संपलं तर ठीक. ‘ढुम्म’ करून घुमत राहिलं तर फळीतच दोष आहे. आता खोलीत चालून पावलांचा हादरा ऐकू येतो का ते बघा. शेवटी मोटर सुरू करून दोन गाण्यांमधल्या शांततेत कान द्या. तिथे सतत घरघर असेल आणि दुसऱ्या रेकॉर्डवरही तशीच येत असेल, तर मोटर किंवा बेअरिंग तपासून घ्या. बाहेरच्या उपायांनी ती जाणार नाही.

घुमण्यावरचा इलाज साधा आहे: स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकर फळी हलवतो, फळी सुई हलवते, तोच आवाज मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो आणि हे चक्र सुरूच राहतं. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा या एकाने जास्त फरक पडतो. टर्नटेबल खोलीच्या कोपऱ्यातही नको, तिथे खर्ज साचतो. झाकण हवेतल्या आवाजाने थरथरतं. ते काढता येत असेल तर काढून ऐकून बघा.

पावलांचे हादरे येत असतील तर जमीन कशी आहे ते बघा. लाकडी, लवचिक जमिनीवर जड टेबलही डोलतं. तिथे भक्कम भिंतीत ठोकलेली फळी उत्तम. पक्क्या जमिनीवर न हलणारं टेबल पुरतं.

खाली रबर किंवा स्प्रिंग घालायची असेल तर जरा विचार करावा लागतो. आधार वजनाखाली थोडा दबला तरच काम करतो. फार कडक रबर दबतच नाही, फार मऊ पार चेपून जातं. शिवाय टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) यांची जोडी साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळा, स्वतःच डोलते. आधारही त्याच गतीने डोलला तर त्रास वाढतो. टर्नटेबलला बाजूने हलकेच ढकला. ते सेकंदाला तीन-चार वेळाच अशा संथ गतीने डुलून थांबलं तर बरं. टर्नटेबलच्या आतच स्प्रिंगा असतील तर खाली आणखी मऊ काही घालू नका. हलकी आणि ताठ फळी द्या. तसं टर्नटेबल नवीन असेल तर वाहतुकीसाठी आवळलेले स्क्रू सोडवलेत ना, हेही बघा.

मग पाणसळ लावून टर्नटेबल समतल करा. चारही पाय सारखे टेकले पाहिजेत.

सुई उडते म्हणून टोनआर्मवर नाणं मात्र कृपा करून ठेवू नका. बऱ्याच कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो, तेवढाच वजनकाट्याने लावा. जास्त भाराने खाच झिजते आणि हादरा तसाच राहतो.

एवढं करूनही स्पीकरचा मोठा पडदा गाण्याशी संबंध नसताना सावकाश आत-बाहेर होत असेल, तर रेकॉर्डकडे बघा. ती वाकडी असेल, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी तोच झोका येतो. अॅम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टरचं बटण असेल तर ते दाबा. साधारण २० हर्ट्झखालचं हे हेलकावणं त्याने थांबतं आणि गाण्याचा खर्ज जवळजवळ तसाच राहतो.