तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करू नका

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या घरातलं कुणी परदेशी निघालं, की तिकीट हातोहात फिरतं आणि हमखास कुणीतरी म्हणतं, "दुपारी दोनला बसलं की सातला लंडन, पाचच तास!" पण तिकिटावर निघायची वेळ आपली असते, पोचायची तिथली. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे उन्हाळ्यातला हाच प्रवास झाला साडेनऊ तासांचा.

तिकीट हाताशी नसेल तर ढोबळ हिशेब असा: दोन विमानतळांमधलं हवाई अंतर किलोमीटरमध्ये घ्या, त्याला 800 नं भागा, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. मुंबई-लंडन अंदाजे 7200 किलोमीटर, म्हणजे नऊ अधिक अर्धा. अंतर रस्त्याचं घेऊ नका, हिशेब फसतो. लांबच्या उड्डाणांत वाराही लुडबुड करतो. उंचावर तो बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून युरोप-अमेरिकेहून परत येताना वेळ सहसा कमी लागतो.

आणि खरा वेळ खातो तो जमिनीवरचा प्रवास. यवतमाळहून नागपूर एसटीनं तीन-चार तास, पुढं मुंबईचं विमान, तिथला मुक्काम, आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास हजेरी. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नागपूरचं विमान उशिरा आलं म्हणून पुढचं थांबत नाही, नवं तिकीट आपल्याच खिशातून. शक्यतो एकाच बुकिंगमध्ये काढा. नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.