महापौर साहेब, सलोख्याचा शब्द दिला होता ना? मग ठराव नंबर सांगा

गणपती बसायच्या आधी पोलीस स्टेशनला शांतता समितीची मिटिंग होते, चहा-बिस्किटं येतात, मग महापौर नाहीतर नगराध्यक्ष माईक घेतात, आधी साने गुरुजींचं नाव (आपल्या खान्देशात त्याशिवाय सुरुवातच होत नाही भो), आणि मग शब्दांचा पाऊस की मिरवणुकीच्या रस्त्यावरचा एक लाईट बंद दिसणार नाही, मोहल्ला कमिटी दर महिन्याला बसणार, शहराचा सलोखा ही माझी जबाबदारी. ईदच्या आधी परत तेच, फक्त शालीचा रंग बदलतो. आपण व्हिडिओ काढतो, स्टेटसला टाकतो, 24 तासात स्टेटस गायब आणि शब्द पण गायब.

तर पहिलं काम, स्टेटस नका टाकू, सेव्ह करा. त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, ठिकाण, नेमकं काय म्हणाले, कोण कोण बसलेलं होतं. पेपरात बातमी आली तर कात्रण चिकटवा. मग त्यातून जे मोजता येतं तेवढंच बाजूला काढा. "सलोखा जपू" हे मोजता येत नाही, सोडून द्या. "अमुक चौकात हायमास्ट लावू" हे मोजता येतं. दहा वाक्यांतून दोन निघाली तरी खूप झालं.

आता कोणाला काय विचारायचं ते नीट समजून घ्या, नाहीतर माणूस नुसता फिरत राहतो. जळगाव आणि धुळे या महापालिका, तिथला कारभार 1949 च्या महापालिका कायद्याने चालतो. महापौराला नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते, ती आयुक्तांकडे. म्हणून महापौर बिनधास्त आश्वासन देतो आणि नंतर म्हणतो "आयुक्त ऐकत नाहीत". पण सभा तो चालवतो, विषयपत्रिकेवर विषय आणणं त्याच्या हातात आहे, आयुक्तांना लेखी पत्र देणं पण. तेवढंच विचारा: साहेब, विषय आणला का, ठराव नंबर काय, बजेटमधे लेखाशीर्ष (म्हणजे कोणत्या खात्यातून पैसे) कोणतं, कोणत्या अधिकाऱ्याकडे काम दिलं? हे चार नसतील तर ते नुसतं भाषण होतं. अमळनेर, भुसावळ, शहादा अशा नगरपालिकांत आयुक्ताच्या जागी मुख्याधिकारी धरा. मधे 2023 ला जळगाव-धुळ्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा आधीच्यांचे सगळे शब्द हवेत गेले, पण ज्यांचा ठराव झालेला होता तो कागद तरी राहिला. म्हणून ठरावाच्या मागे लागायचं.

माझी चूक सांगतो. मी पहिला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तेव्हा रागात लिहिलं की "शांततेसाठी पालिकेने आजपर्यंत काय केले आणि काय केले नाही, का केले नाही?" उत्तर आलं एका ओळीचं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं, या कायद्यात कागद मागायचा असतो, कारण नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तातले या विषयाचे ठराव आणि त्यावर काढलेले कार्यादेश (काम सुरू करायचे लेखी आदेश), यांच्या छायाप्रती. एक विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयाचं कोर्ट फी तिकीट. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तिथे 20 चं तिकीट. तरी नाही तर माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ, पण तिथे वेळ लागतो, डोकं थंड ठेवा. माझ्या दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं "सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही". मला आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की हाच तर पुरावा, माईकवर बोललेलं कागदावर कधी उतरलंच नाही. त्याची झेरॉक्स घेऊन मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे गेलो आणि म्हटलं, दादा हे सभेत विचारा, मी वरती गॅलरीत बसतो. वर कोणीतरी बसलंय हे कळलं की माणूस नीट बोलतो, हे खरंय.

ठराव झाला म्हणून पेढे वाटू नका. आयुक्तांना तो बेकायदेशीर वाटला तर कलम 451 खाली विखंडनासाठी (म्हणजे रद्द करायला) शासनाकडे पाठवता येतो, म्हणून महिन्याभराने नगरसचिवांच्या टेबलावर जाऊन "आमच्या ठरावाचं काय झालं" एवढं विचारून यायचं. आणि पैशाचं पत्र डिसेंबर-जानेवारीतच द्या, मार्चमधे बजेट झाल्यावर गेलात तर "पुढच्या वर्षी बघू". तरीही हलत नसेल तर लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याचा पहिला सोमवार, महापालिकेत आयुक्त स्वतः बसतात, अर्ज 15 दिवस आधी.

काही महापौर मोठ्या जाहीरनाम्यावर पण सह्या करतात. हिरोशिमाच्या महापौरांनी 1982 मधे हाक दिली आणि जगातल्या हजारो शहरांची शांततेसाठी एक संघटना उभी राहिली, तसं काही. चांगलंय, पण सही केली म्हणून तिकडून कोणी तपासायला येत नाही. त्याला पण तेच चार प्रश्न.

एक गोष्ट मात्र पाळाच. अर्जावर एकाच गल्लीच्या सह्या नकोत. दोन्ही समाजांच्या घ्या, आणि बायकांच्या जास्त घ्या, कारण गल्लीतला बंद लाईट रोज त्यांनाच नडतो. जळगावचा रामरथ कार्तिकी एकादशीला भिलपुऱ्यात लालशा बाबा या मुस्लिम संतांच्या समाधीपाशी थांबतो, ती प्रथा कुठल्या महापौराच्या भाषणातून आलेली नाही, लोकांनी चालवली म्हणून चालली. आणि उलटं पण आठवा, 2013 च्या जानेवारीत धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं, त्याची दंगल झाली आणि सहा जीव गेले. म्हणून टेन्शन असेल त्या आठवड्यात हे काही करायचं नाही, जुना व्हिडिओ फिरवायचा नाही, कापून तर अजिबात नाही. शांत महिने बघा.

महापौर ताई असतील आणि फोन त्यांचे मिस्टर उचलत असतील (आपल्याकडे हे चालतं, काय करता) तर फोनवर वाद घालू नका, ताईंच्या नावाने लेखी द्या, तिथे भाऊंचा काही संबंध नाही.

आणि पत्र देताना आवक-जावक टेबलावरच द्यायचं. आमच्याकडचे क्लार्क नेहमी म्हणतात "ठेवून जा ना नाना, देतो मी साहेबांना". मी स्टूल ओढून तिथेच बसतो. पाच मिनिटं ते दुसरीकडे बघतात, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो, मग एकदाचा शिक्का उठतो, माझ्या कॉपीवर आवक नंबर आणि तारीख पडते, तेव्हाच उठतो.