अनवाणी सायकल चालवायची कशी, आणि मोटारसायकलवर अनवाणी पाय का नकोत

सायकल अनवाणी चालवणं आणि मोटारसायकल अनवाणी चालवणं, लोक दोन्ही एकाच दमात विचारतात, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सायकल मी बरीच वर्षं अनवाणी चालवतोय आणि ज्याला आवड आहे त्याला शिकवायलाही मला मनापासून आवडतं. मोटारसायकल मात्र एकदाच चालवली, तीपण नाइलाजाने, आणि परत चालवणार नाही. म्हणून सायकलचं सगळं सविस्तर सांगतो आणि मोटारसायकलचं फक्त अडचणीपुरतं.

सुरुवात पेडल बघण्यापासून करा. रबरी ठोकळ्यांचं साधं जुन्या पद्धतीचं पेडल असेल तर उत्तम, अनवाणी पायाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रुंद प्लास्टिकचंही चालतं. पण ज्याच्या कडेला पत्र्याचे दात असतात किंवा वर बारीक लोखंडी पिना असतात ते पेडल बुटाचा तळ पकडायला बनवलेलं असतं, त्यावर उघडा तळवा दाबून धरला की दहा मिनिटांत ठिपके उमटतात, आणि पाय सटकला की तेच पेडल फिरून नडगीवर येतं, सालटंच निघतं. बुटाला अडकणारी क्लिपवाली पेडल तर सोडूनच द्या.

पेडल बदलायचं असेल तर घरीच होतं, बहुतेक सायकलींना 15 नंबरचा पान्हा लागतो. फक्त एक लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवता चालवता पेडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असतात, आणि हे माहीत नसलं की माणूस जोर लावून सोडवायच्या ऐवजी आवळतच बसतो. सोपी खूण म्हणजे पान्हा वरच्या दिशेला उभा लावायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंची पेडल तशीच सुटतात. पुढे ढकललं की दोन्हीकडची आवळतात.

आता सीट. हे जवळजवळ कोणीच करत नाही आणि मग गुडघा नाहीतर कंबर दुखते म्हणतात. बुटाचा तळ दोनेक सेंटीमीटर जाड असतो, तो काढला म्हणजे पाय तेवढा आखूड झाला, मग पेडल खाली गेल्यावर ते गाठायला माणूस सीटवर डावी-उजवी डुलायला लागतो. तर जितका जाड तळ तितकी सीट खाली घ्या, बस.

पाय ठेवायचा तो चवड्यावर, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो गादीसारखा भाग असतो तो पेडलच्या दांडीच्या वर किंवा दांडीच्या किंचित पुढे आला पाहिजे. बुटाचा कडक तळ सगळा दाब पसरवून देतो, अनवाणी पायाला ती सोय नाही, पाऊल पेडलभोवती वाकतं आणि सगळा भार एका पट्टीवर येतो, म्हणून पाय थोडासा पुढे सरकवलेला बरा. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोटांनी पेडल पकडायला जाणं. बोटं आवळली की पाच मिनिटांत तळव्यात गोळा येतो. बोटं सैल सोडा, अगदी हलवून बघा चालवताना, हलत असतील तर बरोबर आहे.

आणि मग ती मजा सुरू होते ज्याच्यासाठी हे सगळं करायचं. तळव्याच्या कातडीला स्पर्श फार बारीक कळतो, आणि बुटात तो सगळा मुका होऊन बसलेला असतो. अनवाणी चालवलं की पेडलचं बेअरिंग खरखरतंय का, चेन एखाद्या दातावर अडकतेय का, आपण डाव्या पायाने जास्त जोर मारतोय का, सगळं पायाला कळतं. माझ्या सायकलचं उजवं पेडल आतून खराब झालंय हे मला आवाज यायच्या कितीतरी आधी पायाला कळलं होतं, दर फेरीला एका ठरावीक जागी अगदी बारीकसा कट्ट जाणवायचा, बस तेवढंच.

पहिला आठवडा रोज 10-15 मिनिटं आणि तीपण गुळगुळीत, कमी रहदारीच्या रस्त्यावर. जड गिअर टाकून जोर मारू नका, हलका गिअर ठेवा आणि पाय भरभर फिरवा, तळव्यावरचा दाब कमी होतो. मधल्या बोटांत मुंग्या यायला लागल्या तर थांबा, पाय झटका, चोळा, आणि पुढच्या वेळी पाय पेडलवर जरा पुढे ठेवून बघा.

खरी दुखापत चालवताना नाही, थांबताना होते. बुटाची सवय असलेला माणूस सायकल पूर्ण थांबायच्या आधीच पाय घासत टेकवतो, अनवाणी असताना हे केलं की अंगठ्याची ठेच ठरलेली. आधी ब्रेकने पूर्ण थांबायचं, मग पाऊल वरून सरळ खाली ठेवायचं. टायरला पाय लावून थांबवायची सवय असेल तर ती आजच सोडा. अजून एक तपासा, पेडल पुढे घेऊन हँडल वळवा आणि बघा बोटं पुढच्या चाकाला लागतात का. छोट्या फ्रेमच्या सायकलींना लागतात, आणि अशी सायकल अनवाणी चालवूच नका, हळू वळताना बोट आऱ्यांत जाऊ शकतं. चेनवर कव्हर नसेल तर उजवा पाय पेडलच्या बाहेरच्या अंगाला ठेवा.

डांबर दुपारी किती तापतं ते हाताची मागची बाजू टेकवून बघा, सात सेकंद धरवत नसेल तर तो रस्ता पायाचा नाही. ओल्या पायाने प्लास्टिकचं पेडल सटकतं, तेव्हा पाऊस आला की चप्पल घाला. चप्पल सोबत बांधलेली पाहिजेच, पंक्चर झालं तर चालत यायचंय. घरी आलं की पाय धुऊन तळवे उजेडात बघा, काच, काटा, चीर काही आहे का, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असू द्या. ज्यांना मधुमेह आहे किंवा पायाची संवेदना कमी आहे त्यांनी मात्र हे करू नका, कळकळीने सांगतो, लागलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते.

आता मोटारसायकल. माझ्या चपलेचा पट्टा वाटेत तुटला आणि घर वीसेक मिनिटांवर होतं. वाटलं काय एवढं. पण गिअर वर टाकायला लिव्हरच्या खालून बोट घालून उचलावं लागतं, आणि ती लोखंडी दांडी दरवेळी अंगठ्याच्या नखाच्या मुळावर बसत होती. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर मी गिअर टाकायलाच घाबरायला लागलो, इंजिन ओरडतंय आणि पाय उचलत नाही, म्हणजे लक्ष रस्त्यावर नाहीच, सगळं अंगठ्यात. घरी पोचलो तेव्हा नखाखाली काळंनिळं झालं होतं. आणि हे काहीच न होता, म्हणजे गाडी न पडता. गाडी पडली असती तर पाऊल गाडी आणि रस्त्याच्या मधे सापडलं असतं, तिथे उघड्या पायाला वाचवणारं काहीच नाही.

तरी कधी अशी वेळ आलीच तर: किक मारू नका, सेल्फने सुरू करा, किक उलटी आली तर घोट्याचं काही खरं नाही. टाचेने गिअर टाकायची दुहेरी लिव्हर असेल तर तीच वापरा. नसेल तर क्लच पूर्ण दाबून, अॅक्सिलेटर सोडून, नखाने नाही तर अंगठ्याच्या मुळाजवळच्या हाडाने लिव्हर उचला, मग ती हलकी जाते. मागचा ब्रेक चवड्याने दाबा पण मुख्य भर पुढच्या ब्रेकवर ठेवा, तसंही गाडी थांबताना वजन पुढेच जातं. वेग कमी, अंतर जास्त. थांबताना खाली वाळू, ऑइल, खडी आहे का ते आधी बघून मग पाय टाका. मागे कोणी अनवाणी बसलं असेल तर त्याला आधी सायलेन्सर कुठे आहे ते दाखवा, गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ तापलेला असतो.

चटका बसलाच तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तेल काही नको. मग स्वच्छ कापडाने सैलसं झाका आणि मोठं भाजलं असेल तर डॉक्टरकडे जा. फोड आला तर फोडू नका, आणि तो पूर्ण बसेपर्यंत सायकलसुद्धा बूट घालूनच चालवा.