अमेरिकेतलं ई-लॉगबुक डीजीसीएसाठी तयार करताना

अमेरिकेत फ्लाइंग करून ठाण्याला किंवा खारघरला परतलेल्यांकडे बहुतेकदा अ‍ॅपमधलं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची नोंदवही, असतं. तिथे ते चालतं, कारण एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा नियम 61.51 नोंद कागदावरच हवी असं म्हणत नाही. आपल्याकडे एअरक्राफ्ट रूल्स, 1937 चा नियम 67ए डीजीसीए या आपल्या नियामकाने ठरवलेल्या नमुन्यातलं लॉगबुक मागतो. त्यामुळे अ‍ॅपची पीडीएफ हा कच्चा माल समजा. डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर तास भरण्याआधी तो नीट साफ करा.

पीडीएफ आणि सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) दोन्ही काढा. पीडीएफला हात लावू नका, सगळं काम सीएसव्हीच्या प्रतीवर करा.

पहिलं काम दशांशाचं. 1.7 म्हणजे 1 तास 42 मिनिटं, 1:70 नव्हे. एक्सेलमध्ये आकड्याला 24 ने भागा आणि 24 तासांच्या पुढेही मोजणारा वेळेचा फॉरमॅट लावा. साधा फॉरमॅट ठेवलात तर 212 तासांची बेरीज 20 तास दिसते.

खरं नुकसान होतं ते पीआयसीच्या, म्हणजे पायलट-इन-कमांड म्हणून उडवलेल्या वेळेच्या, रकान्यात. एफएएच्या नियमानुसार पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असला तरी, कंट्रोल्स एकट्याने हाताळल्यास तो वेळ ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचा) आणि पीआयसी अशा दोन्ही रकान्यांत लिहिता येतो. इथे तो ड्युअलच. समजा अ‍ॅप 130 तास पीआयसी दाखवतंय आणि त्यातले 38 इन्स्ट्रक्टरसोबतचे आहेत, तर उरले 92. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, लागतात 100. हे अर्ज भरताना कळलं तर फार उशीर झालेला असतो, म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधीच हिशोब करा. तपासणी सोपी आहे: प्रत्येक ओळीत ड्युअल अधिक पीआयसी हे एकूण वेळेइतकंच आलं पाहिजे. जास्त आलं, तर ती ओळ दोनदा मोजली गेली आहे. सिम्युलेटर वेगळा ठेवा. सीपीएलच्या 10 तासांच्या इन्स्ट्रुमेंट वेळेत (फक्त उपकरणं पाहून केलेलं उड्डाण) त्याचे जास्तीत जास्त 5 धरले जातात.

मग तारखा. फिनिक्समध्ये संध्याकाळी 6 ला निघालेलं विमान युटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळ) दुसऱ्या दिवशी 01:00 ला निघतं. अ‍ॅप युटीसीत आणि स्कूलचं रेकॉर्ड स्थानिक वेळेत असेल, तर नेमके नाइट लँडिंगचे दिवसच जुळत नाहीत. वेळ युटीसीत लिहिलीत तर तारीखही युटीसीचीच ठेवा. एअरलाइनमध्ये उडणाऱ्यांनाही हेच लागू: नवी मुंबईहून रात्री 02:00 चं उड्डाण युटीसीत आदल्या दिवशी 20:30 चं. तिथून 25 डिसेंबर 2025 ला उड्डाणं सुरू झाली. अ‍ॅपचा डेटाबेस जुना असेल तर व्हीएएनएम या नवी मुंबईच्या कोडच्या जागी मुंबईचा व्हीएबीबी पडलंय का, तेही पाहून घ्या.

स्कूलच्या दाखल्यावरचे तास हॉब्ज मीटरचे (घड्याळी वेळ मोजणारा) आहेत की टॅकचे, हे विचारा. टॅक इंजिनाच्या आरपीएमवर चालतो, त्यामुळे टॅक्सी करताना तो मागे पडतो आणि एकूण तास कमी भरतात. लॉगबुक आणि दाखला यांचा आधार एकच हवा. प्रत्येक पानाच्या बेरजेवर चीफ इन्स्ट्रक्टरची सही, लायसन्स क्रमांक आणि तारीख तिथे असतानाच घ्या. इथून ईमेलवर सह्या मागवण्यात महिने जातात.

कागदावर चूक सापडली तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून बरोबर आकडा शाईने लिहा आणि शेजारी सही करा. अ‍ॅपमध्ये जुनी नोंद पुसून टाकण्याऐवजी शेऱ्यात बदलाचं कारण आणि तारीख लिहा. शेवटच्या नोंदीनंतर किमान 5 वर्षं लॉगबुक जपून ठेवावं लागतं, तेव्हा मूळ पीडीएफ फोनशिवाय आणखी एका ठिकाणी असू द्या.