अडकलेले रेटिंग पुढे कसे सरकवावे

हौशी बुद्धिबळपटूचे रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १५००-१६००च्या आसपास येऊन वर्षानुवर्षे तिथेच रेंगाळू लागले की बहुतेकजण एखादी नवी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळी, शिकायला घेतात. माझ्या मते हा सर्वांत कमी उपयोगाचा उपाय आहे, कारण या पातळीवरचे डाव पहिल्या दहा खेळींत क्वचितच हरले जातात. ते हरले जातात डावाच्या मध्यावर, घड्याळात थोडीच मिनिटे उरलेली असताना, एखादा घोडा फुकट देऊन.

रेटिंग खरोखरच अडकले आहे का, हे आधी पाहावे. १ मार्च २०२४ रोजी फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) २०००च्या खालच्या खेळाडूंचे क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेच्या डावांचे, रेटिंग एकदाच वाढवले. २००० पर्यंत जितके गुण कमी पडत होते, त्यांच्या ४० टक्के गुण मिळाले, म्हणजे १५०० असलेला खेळाडू १७०० झाला. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय समोर बसलेल्या शाळकरी मुलाचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा) ४० असतो आणि प्रौढ, मुरलेल्या हौशी खेळाडूचा २०, म्हणून समान रेटिंगच्या डावात तुम्ही १० गुण गमावता तेव्हा तो २० कमावतो. मुलांचे रेटिंग त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे असते, हे ध्यानात घेऊनच त्यांच्याकडून झालेली हार मोजावी.

मुख्य काम हरलेल्या डावांवर करायचे आहे. शेवटच्या वीसेक क्लासिकल डावांचे नोंदपत्रक काढावे आणि स्टॉकफिश हे खेळींचे विश्लेषण करणारे संगणकी इंजिन सुरू न करता, डाव कुठे फिरला असे वाटते तिथे खूण करून त्या वेळी मनात काय चालले होते ते लिहावे. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. त्यानंतरच इंजिन लावावे, आणि त्याने दाखवलेल्या प्रत्येक मोठ्या चुकीला एकच प्रश्न विचारावा: योग्य खेळी मला दिसलीच नव्हती, की दिसूनही मी ती नाकारली? दिसली नसेल, तर प्रतिस्पर्ध्याचे शह, मोहरे मारण्याच्या खेळी आणि धमक्या दर खेळीला तपासण्याची सवय कच्ची आहे. त्यासाठी लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची सोपी कोडी विषयवार, घाई न करता सोडवावीत. दिसूनही नाकारली असेल, तर हिशेब चुकतो आहे. मग थोडीच पण अवघड कोडी घ्यावीत आणि पहिली खेळी करण्यापूर्वी पुढच्या खेळींची संपूर्ण साखळी कागदावर लिहून काढावी. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध घेणारे पुष्कळ आहेत, आणि दररोज पन्नास कोडी सोडवूनही रेटिंग हलत नाही याचे एक मोठे कारण तेच आहे.

एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, हत्ती-प्याद्यांचे डाव आधी घ्यावेत, कारण ते सर्वाधिक वेळा पटावर येतात. एक प्यादे कमी असूनही बरोबरी साधण्याची फिलिडोरची स्थिती नमुन्यादाखल पाहा: पांढऱ्याचा राजा डी५ वर, प्यादे ई५ वर आणि हत्ती एच७ वर, काळ्याचा राजा ई८ वर आणि हत्ती ए६ वर. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीवरच इकडून तिकडे फिरवत ठेवावा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे शिरता येत नाही. प्यादे ई६ वर सरकताच हत्ती ए१ वर न्यावा आणि मागून शह देत राहावे. ई६ हे घर आता प्याद्यानेच अडवल्यामुळे राजाला त्या शहांपासून आडोसा उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. हे मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी खेळून पाहिले, तरच स्पर्धेत वेळेच्या तंगीत आठवते.

वेळेच्या तंगीचाही हिशेब ठेवता येतो. नोंदपत्रकावर घड्याळातली वेळ लिहिण्यास फिडेच्या नियमांनुसार परवानगी आहे. दर पाच खेळींनंतर उरलेली मिनिटे लिहावीत. दहाव्या खेळीपर्यंत अर्धा वेळ संपलेला दिसला, तरच ओपनिंगचा अभ्यास हाती घ्यावा, आणि तोही नवीन ओपनिंगचा नव्हे, तर जी रोज खेळता तिच्यातल्या ज्या खेळीपाशी विचारात अडकलात, तेवढ्याच जागेचा.